थोरल्या जावयाचा बंद कम्प्युटर

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळ.

कृषी केंद्राने फुकट दिलेल्या या डायरीत आजवर फक्त शटर दुरुस्तीवाल्याचा नंबर होता. आजपासून नियमित लिहिणार. दिवसही तसाच मोठा आहे.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सचं डिझाइन फायनल केलं. दहा बाय आठ. मध्यभागी सासरे पुंजाजी, भगव्या फेट्यात. (फेटा एका माजी सरपंचाचा, चेहरा सासऱ्यांचा. जोड दिसत नाही.) त्यांच्या उजव्या हाताला पहिला आणि मोठा फोटो माझा. राजपाल, थोरले जावई, प्रोप्रायटर, राजपाल फ्लेक्स अँड डिजिटल, रिसोड. गॉगलवाला फोटो, २०१३ चा. तेव्हा केस चांगले होते. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात सतरावा, कुंडीच्या मागे, साडू अमरदीप.

यात मत्सर वगैरे काही नाही. डिझाइनला बॅलन्स लागतो.

निताने स्क्रीनकडे पाहून विचारलं, अमरदीपचा एक कान कुठे गेला. मी म्हणालो, क्रॉपिंगमध्ये कान जातात. बायकोला डिझाइनमधलं कळत नाही. शिवाय अमरदीप तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, सुकेशनीचा नवरा. म्हणून तिला त्याच्या कानाची काळजी.

६.४०. दुकान बंद करताना स्क्रीनवर आलं, अपडेट करून बंद करा. दाबलं. मी काळाबरोबर चालणारा माणूस आहे.

७.१५. तीस टक्के. 'कम्प्युटर बंद करू नका' असं लिहून आलं आहे.

७.५०. अजून तीसच. घरी भाकरी गार होत असणार. असल्या सूचना नवशिक्यांसाठी असतात. बोर्डाचं बटण बंद केलं आणि शटर ओढलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

स. १०. कम्प्युटर चालू होत नाही. काळा पडदा, मध्ये गोल फिरणारे ठिपके. मग निळा पडदा, दुरुस्ती चालू आहे म्हणतो. मग काळा. मग परत ठिपके. निदान: गारठा. दोन दिवसांपासून थंडी पडली आहे. सीपीयू बाहेर उन्हात ठेवला.

दु. १२.३०. तेच. निदान बदललं: उष्णता. उन्हात कोणी ठेवायला सांगितलं होतं? टेबलफॅन लावला.

दु. ३. ठिपके फिरताहेत.

घाबरण्याचं कारण नाही. फक्त नोंद करून ठेवतो की या कम्प्युटरमध्ये 'मुंडकी' नावाचं फोल्डर आहे. अकरा वर्षांत रिसोड तालुक्यातल्या ज्याने ज्याने फ्लेक्सवर फोटो टाकला, त्या प्रत्येकाचं मागचं बॅकग्राउंड काढून स्वच्छ कापलेलं मुंडकं त्यात आहे. बाराशेच्या वर. नाव, गाव, गॉगलसह, गॉगलशिवाय. लोक दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे जात नाहीत त्याचं कारण हेच, की त्यांचं मुंडकं माझ्याकडे असतं. सासऱ्यांचं डिझाइनही त्यातच. बॅकअप घेण्याचा संकल्प २०१९ पासून आहे, तारीख ठरायची आहे.

कार्यक्रम रविवारी, सोळा तारखेला, धनजला, सासुरवाडीत. सासऱ्यांच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जुलै आहे, पण तेव्हा पेरणी असते म्हणून पंचाहत्तरी नोव्हेंबरात घेतली. वाशिमच्या प्रेसला शुक्रवारी, चौदाला फाइल द्यायची. म्हणजे आठ दिवस आहेत. मला दोन पुरतील.

संध्याकाळी निता डबा घेऊन आली आणि ठिपके बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अमरदीपले फोन लावू का? त्याच्यासाठी पाच मिनिटाचं काम हाये."

पाच मिनिटांचं. मी सकाळपासून बसलो आहे.

संकल्प क्र. १: अमरदीपला विचारायचं नाही. तो कारंज्याच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. असिस्टंट. मी प्रोप्रायटर आहे. पण धनजला कोणाचा मोबाइल हँग झाला, टीव्हीचा रिमोट चालेना, मोटरचा स्टार्टर बसला, की सगळे म्हणतात छोट्या जवायाले विचारा. परवाच्या दिवाळीत सासूबाईंनी, आवडाबाईंनी, त्याला दुसऱ्यांदा करंज्या वाढल्या आणि मला विचारलं, "तुमाले चालते का तेलकट?" मी आठ वर्षं त्याच्याआधीचा जावई आहे. मला त्याच्यापेक्षा आठ वर्षं जास्त तेलकट चालतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सीपीयू उघडला. आत सोयाबीनचं भुसकट. दुकान बाजार समितीच्या रस्त्यावर आहे, हंगामात ट्रॉल्या समोरून जातात, त्याला मी काय करणार. पालीची दोन अंडी निघाली. ती सन्मानाने बाहेर ठेवली. सायकलच्या पंपाने हवा मारली. भुसकट उडून सगळं माझ्या तोंडावर आलं, म्हणजे आतून गेलं.

रॅम काढून खोडरबराने घासली. हा खात्रीचा इलाज आहे, सगळे मेकॅनिक हाच करतात आणि दार लावून करतात. मी दार उघडं ठेवून केला. एवढं झाल्यावर सगळं जागच्या जागी बसवलं. एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देतात.

दु. २. चालू केला. आता तीनदा बीप वाजतो. कालपर्यंत वाजत नव्हता. प्रगती आहे, कम्प्युटर बोलायला लागला.

दु. ४. रॅम उलटी बसवली होती. सुलटी केली. बीप बंद, ठिपके चालू. म्हणजे कालच्या जागी परत आलो, पण आतून स्वच्छ होऊन.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. पहिल्यात एक माणूस म्हणतो एफ आठ दाबा. दुसरा म्हणतो एफ बारा. तिसरा म्हणतो, पहिला आणि दुसरा खोटं बोलतात, डिलीट दाबा. मी तिन्ही एकदम दाबले. एक जुनाट निळं पान उघडलं, आत तारीख वेळ वगैरे. त्यातल्या काही गोष्टी मला पटल्या नाहीत त्या बदलल्या. काय बदललं ते लिहून ठेवायला पाहिजे होतं.

मळ्यातून दौलतसिंग आला होता. भाजीपाला पिकवतो, चांगलं गिऱ्हाईक आहे. त्याला काहीतरी फ्लेक्स करायचा आहे. मी म्हणालो, सिस्टीम अपग्रेड चालू आहे. तो म्हणाला, असू द्या, मी आठ-दहा दिवसांनी येतो. जाताना पालीच्या अंड्यांकडे पाहत गेला.

रविवार, ९ नोव्हेंबर

विश्वासघात.

निताने सुकेशनीला सगळं सांगितलं. सुकेशनीने नवऱ्याला. त्याने उलट निरोप पाठवला, तो निताने भाजी निवडता निवडता मला ऐकवला. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' म्हणून येईल, त्यात 'रिसेट' येईल, त्यात दोन पर्याय येतील. 'माझ्या फाइल ठेवा' आणि 'सगळं काढून टाका'. भाऊंना म्हणावं पहिला दाबा, दुसऱ्याला अजिबात हात लावू नका. आणि पाहिजे तर मी आजच गाडी घेऊन येतो.

गाडी घेऊन येतो. म्हणजे चारचाकी. माणूस बारीक, आवाज बारीक, गाडी मात्र चारचाकी. रिसोडच्या रस्त्यावर माझ्या दुकानासमोर उभी करणार, पाच मिनिटांत बटण दाबणार, चहाही नको म्हणणार. आणि सोळा तारखेला सगळं धनज म्हणणार की फ्लेक्स थोरल्याचा, पण कम्प्युटर धाकट्याने चालू करून दिला.

मी निताला स्पष्ट सांगितलं की मला दोनातून एक निवडायला शिकवायची गरज नाही. ती निवडलेली भाजी उचलून आत गेली. तिचं हे उठून जाणं हल्ली वाढलं आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही, फक्त तज्ज्ञ साडू नसावा. सीपीयू गोणीत बांधून वाशिमची एसटी पकडली. मांडीवर घेऊन बसलो. शेजारी रंगूबाई नावाच्या बाई बसल्या, मळ्यातली मेथी बाजारात न्यायला निघालेल्या. त्यांनी विचारलं काय आहे. मी म्हणालो कम्प्युटर. त्या बरं म्हणाल्या आणि भिजवलेल्या मेथीच्या जुड्या त्यावर ठेवल्या. हे मुद्दाम लिहून ठेवतो, उद्या कोणी मला दोष दिला तर.

वाशिमला धरमसिंग नावाच्या मेकॅनिकचं नाव ऐकून होतो. मुलगा हुशार. गोणी सोडायच्या आधीच म्हणाला, अपडेट अर्धवट कापलं का? मी म्हणालो, लाइट गेली. त्याने केबल लावली, निळा पडदा आणला आणि म्हणाला एक मिनिट, सरांना विचारून घेतो, सरांनीच शिकवलं मला. कारंज्याचे अमरदीप सर. व्हिडिओ कॉल लावू लागला.

मी सीपीयू उचलला आणि निघालो. पॉवर केबल तिथेच राहिली. धरमसिंग मागून हाका मारत होता, मी ट्रॅफिकमध्ये ऐकू न आल्यासारखं केलं. सहा वर्षांत हा माणूस जिल्हाभर पसरला आहे. मी पंधरा वर्षं धंदा करतो, मला कोणी कधी सर म्हणालं नाही. शेठ म्हणतात, तेही उधारी मागताना.

परतीच्या बसमध्ये गोणी मांडीवर होती आणि फार वाईट वाटत होतं. ते भुकेमुळे असावं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

स. ११. नवी केबल. निळा पडदा. ट्रबलशूट. रिसेट. दोन पर्याय आले. तंतोतंत त्याने सांगितले तेच.

११.२०. चहा घेतला. विचार केला.

११.४५. शांत डोक्याने मांडतो. पहिला पर्याय दाबला आणि चालू झाला, तर कोणी चालू केला? त्याने. बसल्या जागेवरून, कारंज्यातून, माझ्या बायकोच्या तोंडून. दुसरा दाबला आणि चालू झाला, तर मी. हा झाला एक मुद्दा. दुसरा मुद्दा तांत्रिक. 'सगळं काढून टाका' म्हणजे अपडेटने जे नवीन घातलं ते सगळं. माझं कशाला काढेल? माझं तर आधीपासूनचं आहे. आणि पहिला पर्याय मुळात घाबरट लोकांसाठी दिसतो. ठेवा, ठेवा. ठेवून ठेवून तर माणूस असिस्टंट राहतो.

११.५०. दुसरा दाबला. त्याने विचारलं, नक्की का. नक्की. परत विचारलं. कम्प्युटरही सासुरवाडीसारखा, थोरल्या जावयावर पटकन विश्वास नाही.

दु. २.३०. चालू झाला.

चालू झाला. मी केला. एकट्याने. पाच मिनिटांत नाही, सहा दिवसांत, पण स्वतःच्या बळावर. 'पुंजाजी परिवार धनज' ग्रुपवर लिहिलं: थोरल्या जावयाने कम्प्युटर स्वतः दुरुस्त केला, कोणाच्याही सल्ल्याशिवाय. अकरा अंगठे आले. अमरदीपने हात जोडल्याची खूण टाकली आणि लिहिलं, अभिनंदन भाऊ, फाइल ठेवल्या ना? जळतो.

दु. ३. फार वेगात चालतो आहे. नव्यासारखा.

दु. ३.१०. डेस्कटॉप स्वच्छ आहे.

दु. ३.१५. फारच स्वच्छ आहे.

दु. ३.४०. 'मुंडकी' सापडत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सगळीकडे पाहिलं. सी, डी, कचऱ्याची टोपली. डी नावाचं काही उरलेलंच नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर गेलं. मराठीचे फॉन्ट गेले. बाराशे माणसं गेली. मी काल दुपारपासून जेवलो नाही. निताला सांगितलं पोट बिघडलं आहे.

दुपारी हरवलेले फोटो शोधणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं. ते चार तास चाललं. मी समोर बसून राहिलो, पाणीसुद्धा उठून प्यायलो नाही. शेवटी म्हणालं तीन फोटो परत मिळाले.

तिन्ही अमरदीपचे. फ्लेक्ससाठी त्याचा वाईटात वाईट कोणता ते ठरवताना मी कापून फेकले होते, ते. बाराशे माणसांतून हाच परत आला, तीन वेळा. एकात दोन्ही कान आहेत.

तिन्ही परत फेकले. मग विचार करून टोपलीतूनही फेकले. हे करताना जरा बरं वाटलं, तेवढंच आजच्या दिवसातलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हरायचं नाही. कम्प्युटरसोबत चित्र काढायचा साधा प्रोग्राम येतो, त्यातच फ्लेक्स करणार. खरा कलाकार साधनांवर अवलंबून नसतो.

सासऱ्यांचा फोटो मिळवायचा प्रश्न होता. ग्रुपच्या डीपीवर एक आहे, दिवाळीचा. त्यात शेजारी अमरदीप, सासऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून. अमरदीपला कापलं. हात काही निघेना, तो सासऱ्यांच्या खांद्यावर राहिला. मनगटावर घड्याळासकट. राहू दे. कोणाचा हात ते कोण विचारणार आहे. मी त्याच्या शेजारी लिहायला घेतलं, थोरल्या जावयाचा मायेचा हात. पण फॉन्ट नसल्याने सगळी अक्षरं चौकोन आली.

गॉगलवाला माझा फोटोही गेलेल्यांतच आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दु. १. प्रेसवाल्याचा फोन. म्हणाला, दादा, एवढ्याशा फोटोचं दहा बाय आठ केलं तर माणूस दिसणार नाही, फरशी दिसेल. आणि खाली चौकोनाची नक्षी आहे ती ठेवायची का? मी म्हणालो फाइल चुकून गेली, थांबा. तो म्हणाला चारपर्यंत थांबतो.

दु. २. निताला खरं सांगावं लागलं. सगळं. दुसरा पर्याय मी मुद्दाम दाबला हे सोडून. तिने विचारलं, मुद्दाम दाबला ना? मी भिंतीकडे पाहिलं. ती मोबाइल घेऊन घरी गेली आणि तासभर सुकेशनीशी बोलली. मग फोनवर एवढंच म्हणाली की तुमी राहू द्या, आमी दोघी पाहतो.

काय पाहणार? दोघींनी आयुष्यात माऊस धरलेला नाही. म्हणजे उघडच आहे, करणार तोच. आणि तो केला म्हणजे उजव्या हाताला पहिला कोण ते सांगायलाच नको. मी सतराव्या नंबरवर, कुंडीमागे. मी त्याच्याशी जे केलं ते तो माझ्याशी करणार. माणसं इतक्या हलक्या मनाची कशी असतात?

दु. ३.३०. गॉगल लावून मोबाइलवर नवा फोटो काढला. दुकानाच्या दारात, तिरपा उजेड घेऊन. बाराव्या प्रयत्नात टक्कल आलं नाही. निताला पाठवला. लिहिलं: उजवीकडून पहिला. थोरल्याचा मान आहे, माझ्यासाठी नाही, पद्धतीसाठी. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

संध्याकाळ. उत्तर नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर. धनज.

रिसोड, वाशिम, कारंजा, धनज. कारंज्याच्या स्टँडवर अमरदीप गाडी घेऊन उभा. माझी बॅग स्वतः उचलली. लोकांना दाखवायला. मला पुढच्या सीटवर बसवलं, हेही लोकांना दाखवायला, मात्र रस्त्यात लोक नव्हते. कम्प्युटरबद्दल एक शब्द विचारला नाही. मुद्दाम. मी वाट पाहत होतो, उत्तर तयार होतं, पण पोचेपर्यंत तो संत्र्याच्या भावावरच बोलला.

फ्लेक्स आला आहे. गुंडाळी ओसरीच्या कोपऱ्यात उभी आहे, सुतळीने बांधलेली. दोनदा जवळ गेलो. दोन्ही वेळा सासूबाई तिथेच लसूण सोलत बसलेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काय पायजे जवाईबापू?" पाणी म्हणालो. पाणी दिलं. त्यामुळे प्यावं लागलं.

निता आणि सुकेशनी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून, मध्ये अमरदीप. तो काहीतरी दाखवतो, निता करून बघते, तो मान हलवतो. माझ्याशी बोलायला तिला वेळ नाही. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण झोप लागली.

रविवार, १६ नोव्हेंबर. धनज. दुपार.

सकाळी दहाला फ्लेक्स दोऱ्या बांधून मांडवाच्या तोंडाशी लावला. मी मागच्या बाजूने होतो, दोरी धरायला. बांधून झाल्यावर पुढे आलो. सरळ उजव्या कोपऱ्यात पाहिलं.

कोणी नाही.

डावीकडे पाहिलं. खाली पाहिलं. शुभेच्छुकांची रांगच नाही. कुंडी नाही. अख्ख्या फ्लेक्सवर एकच फोटो. वांग्याच्या वाफ्यात सासरे उकिडवे बसलेले, डोक्याला साधं उपरणं, शेजारी सासूबाई टोपली घेऊन, आणि दोघं कशावर तरी हसताहेत. सुकेशनीने मागे कधीतरी मोबाइलवर काढलेला. खाली एक ओळ: बाबा, पंचाहत्तर झाले. तुमच्या लेकी, निता आणि सुकेशनी.

मग मी अमरदीपला शोधलं. तोही नाही. कुठेच नाही. याचा आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झाला, आणि लगेच संपला.

सासरे काठी टेकत आले. आजवर मी त्यांचे सात फ्लेक्स केले, एकाहीपुढे ते पाच सेकंदांच्या वर थांबले नाहीत. आज थांबले. जवळ गेले. सासूबाईंच्या टोपलीवर बोट ठेवलं. मागे वळून पोरींना म्हणाले, "ह्याच्यात मी वळखू येऊन राह्यलो." आणि उपरण्याने डोळे पुसले.

मी अमरदीपला बाजूला घेतलं. म्हणालो, छान केलंस, पण डिझाइन रिकामं वाटतं. तो म्हणाला, भाऊ, मी काही केलं नाही, फक्त मोबाइलवर अक्षरं कशी टाकायची ते सांगितलं. फोटो, मजकूर सगळं निताताईंचं. जवायांचे फोटो नको हेही त्यांनीच सांगितलं. मग त्याने विचारलं, आवडलं ना? आणि ते त्याने खरंच विचारलं होतं. मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता.

जेवणाच्या पंगतीआधी निताला गाठलं. विचारलं, थोरल्या जावयाचा एक फोटो टाकला असता तर काय फ्लेक्स फाटला असता? मी पाठवला होता, मेहनत घेतली होती. ती बुंदीचं पातेलं घेऊन निघाली होती, थांबली. "तुमी दोघं एका रांगेत उभे राह्यले का," ती म्हणाली, "मंग आमचा बाप दिसतच नाई."

आणि बुंदी वाढायला गेली. मी पंगतीच्या टोकाला जाऊन बसलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रिसोडला परत. दुकान उघडलं. कम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. आत काही नाही. तासभर त्याच्याकडे बघून बंद केला. बंद करताना अपडेट विचारत होता. नको म्हणालो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

निताने धनजच्या फ्लेक्सची लहान प्रत आणली आहे, तीन बाय दोन. सकाळी दुकानाच्या भिंतीवर लावायला सांगितली. खिळे मी ठोकले.

अकराला दौलतसिंग आला. त्याला पाहून मी मनातल्या मनात तयारी केली की तुमची सगळ्यांची मुंडकी परत काढावी लागतील, सिस्टीम अपग्रेड झाली, वगैरे. त्याने मला बोलूच दिलं नाही. भिंतीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला त्याला असाच पाहिजे. आईचा, तुळसाबाईचा, मळ्यातला. आमचे भावाभावांचे फोटो नको. दर वेळी कोणाचा मोठा आणि कोणाचा लहान यावरून घरात बोलणं बंद होतं.

कोणी केला म्हणून त्याने विचारलं. मी म्हणालो, इथलाच आहे. हे खोटं नाही.

निता तेव्हा डबा घेऊन आलेलीच होती. तिने त्याच्याकडून मोबाइलवर आईचे फोटो मागून घेतले, एकेक करून पाहिले, हा नको, यात आई दमलेली दिसते, हा बघा. मोबाइल घेऊनच माझ्या खुर्चीत बसली. मी मागून वाकून सांगत होतो की अक्षर जाड घे, बॉर्डर लाव, वरती गुलाब दोन्ही कोपऱ्यांत. तिने मान वर न करता सांगितलं की जरा सरका, उजेड अडून राह्यला.

सरकलो. बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. ट्रॉल्या जात होत्या. आतून निताचं आणि दौलतसिंगचं बोलणं ऐकू येत होतं, तो हसत होता. पंधरा वर्षांत माझ्या दुकानात येऊन तो कधी हसला नव्हता. मी त्या आवाजावर जळत बसलो होतो आणि मध्येच लक्षात आलं की आज दिवसभरात अमरदीपची आठवण एकदाही आली नाही.

दुपारी आणखी एक माणूस आला, मोबाइल हातात धरून. पायरीवर थांबला, बोर्डावरचं माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई हायेत का?"

हो म्हणालो. आणि त्याला आत जायला पाय बाजूला घेतले.